पाहुणे म्हणून गेल्यावर चपला कुठे, कधी, कशा काढाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्याच्या घरात पाय ठेवण्याआधी चपला काढायच्या, एवढं महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. अडतं ते त्याच्या पुढे: दाराबाहेर काढायच्या की आत, मोज्यांचं काय, यजमान 'असू द्या' म्हणाले तर काय, सुताराला सांगावं का. पाहुण्यांचे आणि यजमानांचे, दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

चपला दाराबाहेर काढायच्या की आत आल्यावर?

बाहेर आधीच चपला दिसत असतील तर तिथेच, त्याच रांगेत. बाहेर काहीच नाही आणि दार उघडल्यावर आत लगेच स्टँड दिसतोय, तर एक पाऊल आत टाकून पायपुसण्याच्या अलीकडे काढाव्यात. दोन्ही नसेल तर उंबरठ्याबाहेर काढा. यजमान 'आत घ्या हो, बाहेर राहत नाहीत' म्हणाले तर उचलून आत घ्या. कुत्री चपला पळवतात किंवा चपला चोरीला जातात असा अनुभव असलेल्या इमारतीत हे वाक्य हमखास ऐकू येतं.

फ्लॅटच्या दारात एक चूक वारंवार होते. सेफ्टी डोअर बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला उघडतं. बिजागरीच्या बाजूला चपला ठेवल्या की दार पूर्ण उघडत नाही आणि पुढचा माणूस आडवा होऊन आत शिरतो. चपला कडीच्या बाजूला, भिंतीला लागून, टाच भिंतीकडे करून ठेवा. निघताना सरळ पाय घालता येतो. शेजाऱ्यांच्या दारासमोर जागा रिकामी असली तरी तिथे नको. त्यांच्या दारात रांगोळी असेल तर निदान हातभर अंतर सोडा.

गावाकडच्या घरात सीमारेषा वेगळी असते. अंगणात चपला चालतात. ओट्याच्या पायरीखाली त्या काढायच्या आणि मग ओटीवर किंवा सोप्यात जायचं. ओट्यावर नुसतं कडेला टेकून, पाय खाली सोडून बसायचं असेल तर चपला पायात राहिल्या तरी कुणी काही म्हणत नाही. पाय वर घेऊन मांडी घालायची तर काढायच्याच. शेणाने सारवलेली जमीन ओली असेल तर अनवाणी पायानेही जाऊ नये. पावलं उमटतात आणि घरच्या बाईला तेवढा तुकडा पुन्हा सारवावा लागतो. ओलं आहे का, हे विचारायला काहीच लागत नाही.

यजमान म्हणतात, 'असू द्या, असू द्या, काही होत नाही.' मग काय करायचं?

त्यांच्या तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. ते अनवाणी असतील तर तुम्हीही काढा. 'असू द्या' हा स्वागताचा भाग आहे, जसा 'जेवूनच जा' हा निरोपाचा भाग असतो. पाहुण्याला वाकायला लावणं बरं दिसत नाही म्हणून ते बोलायचं असतं. ऐकणाऱ्यानेही 'नाही हो, काढतो ना' म्हणत काढायच्या असतात. चपला पायात ठेवून कुणी सोफ्यापर्यंत गेलं तर तोंडावर कुणी बोलणार नाही. मात्र पाठ वळली की फडकं फिरतं.

हे वाक्य खरोखर मनापासून आलेलं असतं ते अशा वेळी: घरात रंगकाम किंवा फरशीचं काम चालू आहे, खाली खडी-खिळे पडलेत, तुमचं वय किंवा दुखणं त्यांना दिसतंय, नाहीतर ते स्वतःच बूट घालून बाहेर पडायच्या बेतात आहेत आणि सगळे दोन मिनिटांत निघणार आहेत. यातलं काही असेल तर उगाच हट्ट करू नका.

दोनच मिनिटांचं काम आहे. डबा परत द्यायचाय, पत्रिका द्यायचीय. तरी काढायच्या?

उंबरठ्याबाहेर राहणार असाल तर नाही. पण उंबऱ्यावर उभं राहून देणं-घेणं करू नये असं अजून बऱ्याच घरांत मानतात, त्यामुळे 'आत तर या' होतंच. दोन पावलं आत गेलात तरी काढा.

लग्नाच्या पत्रिका वाटायला निघताना लेसचे बूट घालू नका. अक्षता देऊन, कुंकू लावून आमंत्रण करायचं म्हणजे प्रत्येक घरात आत जाणं आलं. एका संध्याकाळी दहा-पंधरा घरं करायची तर प्रत्येक दारात वाकून लेस सोडणं आणि बांधणं यातच निम्मा वेळ जातो. शिवाय तुमच्या नावाने लिफ्टचं दार धरून उभा राहिलेला सोबती वैतागतो. पाय सरकवता येणाऱ्या चपला किंवा मोजड्या बऱ्या.

मोजेही काढायचे का?

साध्या भेटीला नाही, कोरडे आणि धड असतील तर मोज्यांवर बसता येतं. पूजेला, आरतीला, देवघरात जाताना आणि पाटावर जेवायला बसताना काढावेत. बाहेर वापरलेले मोजे बुटाइतकेच ओवळे, असं जुनी माणसं मानतात. त्यात गुळगुळीत टाइल्सवर मोजे घसरतात हेही आहे. जिना चढायचा असेल, कडेवर मूल असेल तर मोजे काढलेलेच बरे. काढलेले मोजे गुंडाळून बुटात खोलवर सारा, बुटावर वाळत घातल्यासारखे पसरू नका. भोक पडलेला मोजा अंगठ्याकडून आत दुमडून वेळ मारून नेता येते, पण पाय हलला की तो परत बाहेर येतो.

पायांना वास येतो. दुसऱ्याच्या दारात बूट काढायचीच भीती वाटते.

याला सगळ्यांत जास्त लोक घाबरतात आणि उपाय मात्र दारात उभं राहून शोधतात. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. बंद बुटात, ओल्या त्वचेवर जिवाणू वाढतात. घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल ते फोडतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं, तो हा कुबट वास. म्हणून वरून अत्तर किंवा पावडर मारली की दोन वास एकत्र येतात, पहिला जात नाही. ओल आणि जिवाणू दोन्ही कमी करावे लागतात.

आधीची तयारी अशी. सकाळी पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि तिथेच टॉवेलने नीट कोरडे करा. बहुतेक जण पाय धुतात पण बेचके कोरडे करत नाहीत, आणि वास तिथून सुरू होतो. नायलॉनऐवजी सुती मोजे, रोज धुतलेले. एकच बूट सलग दोन दिवस घालू नका, आत मुरलेला घाम सुकायला त्याला एक पूर्ण दिवस लागतो. रात्री प्रत्येक बुटात चमचाभर खायचा सोडा टाका आणि सकाळी झटकून काढा. चामड्याचा बूट असेल तर सोडा थेट टाकू नका, चामडं कोरडं पडतं. जुन्या मोज्यात सोडा भरून, गाठ मारून तो आत ठेवा.

ऑफिसमधून थेट कुणाकडे जायचं असेल तर पिशवीत मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा आणि निघण्याआधी ऑफिसातच बदला. ते जमलं नाही तर बूट दाराबाहेर काढा आणि आत गेल्यावर सरळ विचारा, 'पाय धुऊन घेऊ का जरा?' यात कमीपणा नाही. आपल्याकडे बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी देणं हा पाहुणचारच आहे. मोरीत दोन तांबे पाणी आणि साबण, पाय पुसून बाहेर. ओल्या पावलांनी हॉलमध्ये येऊ नका एवढंच.

बोटांमध्ये कातडी पांढरी होऊन सोलवटत असेल, खाज येत असेल तर ती बहुधा बुरशी असते. तिला सोडा पुरत नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

चपला काढल्यावर हात धुवायलाच हवेत का?

पट्टा किंवा लेस हाताने सोडली असेल तर हो. निदान प्रसाद घेण्याआधी, तान्ह्या बाळाला घेण्याआधी आणि ताटावर बसण्याआधी तरी धुवा. पायानेच सरकवून काढली असेल तर गरज नाही.

नमस्काराचंही इथेच सांगायला हवं. पायात चपला असताना वाकून नमस्कार करत नाहीत. ज्यांना करायचा ते चपला घालून उभे असतील तर तेही पाय बाहेर काढतात. नाही काढले तरी तुम्ही मात्र काढा. एका हातात चप्पल धरून दुसऱ्या हाताने पाया पडण्याचा प्रकार दारातल्या निरोपाच्या वेळी घडतो, तो टाळा. आधी नमस्कार, मग चपला.

हळदीकुंकू, गणपती, सत्यनारायण. पन्नास माणसं येणार. चपलांची सोय कशी करावी?

आधी जागेचा हिशेब. बायकांच्या चपलेच्या एका जोडाला साधारण 20 सेंटिमीटर रुंदी आणि 25 सेंटिमीटर लांबी लागते. पुरुषांच्या बुटांना त्याहून पाच-पाच सेंटिमीटर जास्त धरा. हळदीकुंकवाला पन्नास जणी आल्या तरी एकाच वेळी घरात दहा-बारा असतात. म्हणजे भिंतीलगत सुमारे अडीच मीटरची एक रांग पुरते. आरतीला मात्र सगळे एकदम येतात, तेव्हा दोन जिन्यांमधल्या सपाट जागेत सतरंजी किंवा जुनी चादर अंथरून जागा दाखवावी. पायऱ्यांवर चपला कधीही नकोत. म्हातारी माणसं कठड्याला धरून उतरतात आणि नेमकी कठड्याच्या बाजूच्या चपलेवर पाय पडतो.

घरच्यांच्या चपला त्या दिवशी आधीच आत, पलंगाखाली टाका. अर्धी गर्दी घरच्यांच्याच जोडांची असते. दारात प्रकाश हवा. संध्याकाळी पॅसेजमधला दिवा बंद असेल तर काळ्या चपलांमध्ये आपली शोधताना लोक उजेडासाठी मोबाइल पेटवून वाकून बसतात.

पायपुसणी दोन ठेवा, आणि इथे बहुतेक घरं चुकतात. बाहेर काथ्याचं, चपलांचे तळ पुसायला. आत सुती, अनवाणी पायांसाठी. एकच असेल तर आधीचा माणूस त्यावर चप्पल घासतो आणि पुढचा अनवाणी पाय त्याच मातीवर ठेवून घरात येतो. म्हणजे चपला बाहेर ठेवून धूळ आतच.

भारी साडी आणि उंच टाचा. चपला काढल्या की साडी जमिनीवर लोळते.

साडी नेसताना टाचेची उंची धरून निऱ्या खोचतात. सात सेंटिमीटरची टाच काढली की साडी तेवढीच खाली येते, आणि पुढच्या निऱ्यांत पाय अडकतो. घरगुती समारंभ असेल तर साडी सपाट चपलेवर किंवा अनवाणी नेसा. टाचांचे सँडल घालायचेच असतील तर आत गेल्यावर निऱ्यांचा गठ्ठा एकदा वर उचलून कमरेला पुन्हा खोचा. हे काम बेडरूममध्ये जाऊन करा. त्यासाठी निऱ्यांना एकच मोठी सेफ्टी पिन लावलेली बरी, चार पिना सोडत बसावं लागत नाही.

पावसाळ्यात काय?

रबरी किंवा प्लॅस्टिकच्या चपला. पाणी झटकून बाहेरच ठेवा, आणि छत्री उघडी ठेवली तर दुसऱ्याच्या चपलांवर तिचं पाणी गळणार नाही असं बघा. पाय चिखलाने भरले असतील तर आत जायच्या आधीच पाणी मागा. खेड्यात दारात बादली आणि तांब्या ठेवलेलाच असतो, फ्लॅटमध्ये मागावा लागतो.

कोल्हापुरी पावसात घालून कुणाकडे जाऊ नका. ते चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडांच्या मालावर कमावलेलं असतं. भिजलं की ते फुगतं, शिवण ढिली पडते आणि नव्या जोडाचा तांबूस रंग तळपायाला लागतो. मग यजमानांच्या पांढऱ्या टाइल्सवर तुमची पावलं उमटतात. भिजलीच तर वर्तमानपत्राचे बोळे लावून सावलीत सुकवा, दोन-तीन तासांनी कागद बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली तर कडक होऊन वाकते.

आईंना मधुमेह आहे, डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हटलंय. लोकांकडे गेल्यावर काय करावं?

ज्यांच्या पायांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झालेला असतो त्यांना टाचणी रुतली, खडा टोचला, गच्चीची फरशी तापलेली असली तरी कळत नाही. जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते. म्हणून घरातसुद्धा पायात काहीतरी हवं, हा सल्ला रीतीभातीपेक्षा वरचा आहे. फक्त घरात वापरायचा, कधीही रस्त्यावर न गेलेला एक जोड कापडी पिशवीत सोबत न्या. दारात बाहेरच्या चपला काढा, आतल्या घाला, आणि विचारण्याआधीच सांगा: 'डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केलीय, या घरातल्याच आहेत.' देवघराच्या दारात त्या काढायचा आग्रह झाला तर खुर्ची मागून बाहेरूनच नमस्कार करावा.

कृत्रिम पाय असलेल्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्या पायाची जुळणी बुटाच्या ठरावीक टाचेवर केलेली असते. बूट काढला की तोल बिघडतो. अशा पाहुण्याला बूट काढायला सांगू नका, ओल्या फडक्याने तळ पुसला की झालं. दवाखान्यात देतात तसली प्लॅस्टिकची वेष्टणं चकचकीत फरशीवर घसरतात, ती नकोत.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी दारात एक हातवाली खुर्ची ठेवा, बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच. बुटक्या स्टुलावर बसवलं तर उठता येत नाही. भिंतीला टेकून एका पायावर उभं राहून सँडलचा मागचा पट्टा ओढणं हे वयस्क माणसाने करूच नये. वाकून त्यांचा पट्टा घरातल्या कुणीतरी सोडावा. ते 'नको, नको' म्हणतील. सोडावा.

यजमानांच्या घरातल्या सपाता घालाव्यात का?

दिल्या तर घाला. स्वतःहून पाय घालू नका. संडास-बाथरूमच्या दारातला रबरी जोड त्याच खोलीपुरता असतो. तो घालून स्वयंपाकघरात आलेला पाहुणा घरच्यांना बराच काळ आठवणीत राहतो. गॅलरीतल्या जोडाचंही तेच.

इलेक्ट्रिशियन, सुतार, सिलिंडरवाले. त्यांना चपला काढायला सांगावं का?

काम काय आहे त्यावर ठरवा. विजेच्या कामात अनवाणी उभं राहणं धोक्याचं आहे. रबरी तळ असलेलं पादत्राण पायात हवंच, फरशी ओली असेल तर जास्तच. सुताराच्या पायाखाली लहान-मोठे खिळे पडतात. भरलेला घरगुती सिलिंडर नळकांड्यासकट 30 किलोच्या आसपास असतो, त्यात गॅस 14.2 किलो. तो अनवाणी पायाच्या बोटांवर आला तर बोटं राहत नाहीत. या तिघांना चपला काढायला लावू नका. दारापासून कामाच्या जागेपर्यंत गोणपाट किंवा जुनी चादर अंथरा. वर्तमानपत्र चालतं, पण ते सरकतं, म्हणून कडा चिकटपट्टीने दाबा. काम झालं की पुसून घ्या, पाच मिनिटांचं काम.

केबल जोडणारा, पार्सलवाला, मीटर बघणारा यांचं बाहेरच्या बाहेर किंवा हॉलमध्ये काम असतं. ते स्वतःहून चपला काढतातच. देवघर वाटेत येत असेल तर आधी सांगा आणि दुसऱ्या बाजूने न्या. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांच्या आणि व्हिजिटला घाईने आलेल्या डॉक्टरांच्या पायांकडे बघूच नये.

घरकामाला येणाऱ्या ताईंच्या चपला कुठे असाव्यात?

जिथे बाकीच्यांच्या, तिथेच. स्टँडवर जागा असताना त्यांच्या चपला जिन्यात ठेवायला लावणं हा स्वच्छतेचा नियम नाही. देशात अनेक गावांत काही वस्त्यांतून जाताना दलितांना चपला हातात घ्यायला लावत, त्या इतिहासाचं हे उरलेलं शेपूट आहे. आणखी एक. बाथरूम घासताना त्यांना अनवाणी ठेवू नका. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याने पायाची कातडी भाजते, आणि साबणाच्या पाण्यात पाय घसरतो. त्यांच्या मापाचा रबरी जोड आणून ठेवा.

चपला बाहेर काढल्या, पण चाकांच्या बॅगा?

चपलेइतकीच घाण चाकांना असते, किंबहुना जास्त, कारण बॅग स्टेशनवरून ओढत आणलेली असते. दारात फडकं मागून चाकं पुसा किंवा बॅग उचलून आत न्या. पलंगावर ठेवून उघडू नका. बाबागाडी, व्हीलचेअर, काठीचं रबरी टोक यांनाही फडकं. सोबत कुत्रा असेल तर त्याचे चारही पाय, आणि आधी विचारलेलं असू द्या.

पाहुणे बूट घालूनच आत येतात. वाईट न वाटता कसं सांगायचं?

दार उघडतानाच, हात स्टँडकडे करून: 'या, चपला इथे ठेवा.' पाहुणा तीन पावलं आत आल्यावर सांगितलं की ते टोकल्यासारखं होतं, म्हणून जे काही सांगायचं ते उंबरठ्यावर. आणखी सोपं म्हणजे स्टँड दारातच दिसेल असा ठेवा आणि तुम्ही स्वतः अनवाणी दार उघडा. लहान मूल रांगतंय हे कारण सगळ्यांना पटतं. तरीही आलेच तर बसू द्या, चहा द्या, नंतर पुसा.

दारावर 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी दवाखान्याला शोभते. घराला लावली तर चालते, पण शब्दांना धार चढू देऊ नका. पुण्यात याचे नमुने पुष्कळ आहेत.

पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलं तर सोसायटी हरकत घेऊ शकते का?

घेऊ शकते आणि घ्यावी. पॅसेज सामाईक असतो आणि आग लागली तर तोच बाहेर पडायचा मार्ग. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा याच विषयाचा कायदा आहे. धुरात माणसं वाकून, भिंतीला हात लावत पुढे सरकतात, आणि कपाट भिंतीलाच असतं. साधा स्टँड 30 ते 35 सेंटिमीटर खोल असतो. घराच्या आत जागा नसेल तर चपला तिरक्या उभ्या राहतात तसलं, 17 ते 20 सेंटिमीटर खोलीचं भिंतीचं कपाट दारामागे बसतं. फक्त पुरुषांचे मोठे बूट त्यात जेमतेम मावतात, विकत घेण्याआधी एक जोड नेऊन बघा.

सांत्वनाला जाताना?

आवाज न करता, दारापासून लांब काढा. तिथे गर्दी असते आणि आतली माणसं सारखी ये-जा करत असतात. टकटक वाजणाऱ्या टाचा, लेस, बकलं नकोत. निघताना 'येतो' म्हणत नाहीत, नुसतं उठायचं, म्हणून दारात पाच मिनिटं बूट बांधत बसणं विचित्र दिसतं. घरी परतल्यावर बाहेरच पायावर पाणी घेण्याची रीत असेल तर कुणाला तरी आधी फोन करून बादली ठेवायला सांगा.

नवरात्रात अनवाणी राहणारे पाहुणे घरी येतात. त्यांची सोय?

नऊ दिवस पायात काही न घालणारी माणसं महाराष्ट्रात भरपूर आहेत. ती रस्त्यावरूनच चालत येतात, आणि आपले पाय मळके आहेत याचा संकोच त्यांनाच जास्त असतो. दार उघडल्याबरोबर 'पाय धुवायला पाणी देते' म्हणा. मोरीपर्यंत जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी द्या, पुसायला वेगळं फडकं. पायाला चीर पडली असेल तर खोबरेल तेल विचारा.

गोव्यात आणि परदेशात काय चालतं?

गोव्यात हिंदू घरांत आपल्यासारखंच. ख्रिश्चन घरांत दोन्ही पद्धती दिसतात, त्यामुळे पुन्हा यजमानांचे पाय बघा. जपानमध्ये दारातल्या खालच्या जागेत बूट काढायचे, मोज्याचा पाय त्या खालच्या फरशीला न लावता वरच्या पायरीवर ठेवायचा, आणि बुटांची टोकं दाराकडे वळवून ठेवायची. आत सपाता मिळतात, पण तातामीच्या चटईवर त्याही काढतात, आणि संडासात वेगळ्या असतात. कॅनडा, स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये काढायचे. इंग्लंड-अमेरिकेत घरागणिक बदलतं, दारात विचारणं वावगं दिसत नाही. तिथल्या मराठी घरांत मात्र काढायचेच, आणि थंडीत तर नक्की. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फाच्या पाण्याबरोबर बुटातून आत येतं आणि लाकडी जमिनीवर पांढरे डाग पडतात. सोबत जाड मोजे न्या, तिकडे फरशी गार लागते.

चप्पल उलटी पडली की भांडण होतं म्हणतात.

मानणारे पुष्कळ आहेत. तुमची असो वा दुसऱ्याची, दिसली तर सरळ करून ठेवा.

निघताना चपलाच सापडत नाहीत, किंवा कुणीतरी बदलून नेल्या. आता?

आधी स्टँडखाली, दारामागे आणि शेजाऱ्यांच्या रांगेत बघा. बहुतेक वेळा पाय लागून सरकलेल्या असतात. मग उरलेले जोड मोजा. एक जोड जास्तीचा उरत असेल आणि तो तुमच्यासारखाच दिसत असेल तर अदलाबदल झालीय. काळे पुरुषी सँडल आणि बाटाच्या साध्या चपला यांत हे सर्वांत जास्त होतं. दुसऱ्याचा जोड घालून निघू नका. यजमानांना हळूच सांगा, ते नुकत्याच गेलेल्यांना फोन करतील. तोवर त्यांच्या घरचा जोड मागून घाला आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत पाठवा. यजमानांनी भरपाईचं काही बोलू नये आणि पाहुण्याने मागू नये. फार झालं तर 'नवी घेऊन देतो' आणि 'छे, छे' इतकंच. मोठ्या समारंभाला जाताना जुना, ओळखू येईल असा जोड घाला, किंवा पट्ट्याच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा. दोन्ही पायांतल्या चपला एकमेकींपासून चार हात लांब ठेवल्या तर चोर सहसा त्यांच्या नादी लागत नाही, हा उपाय देवळाबाहेरचा. घरगुती कार्यक्रमात तो केला तर तुम्हालाच दुसरी सापडणार नाही.